तरुण ऑटिस्टिक मुलाला आवाजाच्या टिक्स सुरू झाल्या तर घरच्यांनी काय करावं?

१८-२० वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा सारखा घसा खाकरायला लागतो. आधी वाटतं सर्दी असेल. मग नाक ओढणं सुरू होतं, मधेच बारीकशी किंकाळी, एखादा हुंकार, कधी एकच शब्द पुन्हा पुन्हा. घरात सगळ्यांचे कान तिकडे लागतात, बाहेर माना वळतात. आई-वडिलांच्या मनात दोन प्रश्न एकदमच येतात: हे आहे काय, आणि थांबवायचं कसं?

पहिल्या प्रश्नाला भरपूर वेळ द्या आणि दुसरा तूर्त बाजूला ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज थांबवायच्या घाईत मुलाला नेमका कशाचा त्रास होतोय, हे विचारायचंच राहून जातं. कित्येकदा त्याला आवाजाचं काहीच वाटत नसतं. त्रास असतो घशात दाटून येणाऱ्या अस्वस्थतेचा, लोकांच्या नजरेचा, नाहीतर घरच्यांच्या टोकण्याचा. यातला कुठला आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. (सोयीसाठी ‘तो’ असं लिहिलं आहे, मुलींनाही हे सगळं तितकंच लागू आहे.)

पहिली पायरी : टोकणं बंद

‘पुरे आता’, ‘लोक बघतायत’, ‘जरा कंट्रोल कर ना’ ही वाक्यं आजपासून घरातून बाद करा. टिक, म्हणजे अचानक आपोआप येणारा आवाज किंवा हालचाल, कुणी मुद्दाम करत नाही. आतून एक दाब येतो, शिंकेच्या आधी येतो तसा. आवाज निघाला की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि थोड्या वेळात दाब पुन्हा भरायला लागतो. टिक काही काळ दाबून ठेवता येते, म्हणूनच बघणाऱ्याला वाटतं की मनात आणलं तर हा थांबवू शकतो. पण दाबून ठेवायला लक्ष लागतं, ताकद लागते. ऑटिस्टिक माणूस बाहेर वावरताना आधीच स्वतःच्या कितीतरी गोष्टी लपवत असतो. त्यात ही भर पडली की संध्याकाळपर्यंत तो पार रिकामा होतो.

टिक्सचा विषय निघाला की टिक्स वाढतात, हे टिक असलेले बहुतेक जण सांगतात. तेव्हा जेवताना, पाहुण्यांसमोर, फोनवर मावशीला सांगताना त्याच्या देखत ही चर्चा नको. एकदाच, निवांत वेळ बघून, साध्या शब्दांत बोला: “तुझ्या घशातून आवाज येतोय हे आमच्या लक्षात आलंय. आम्हाला त्याचा राग नाही. तुला त्रास होत असेल तर सांग, लिहून दिलंस तरी चालेल.” मग त्याला वेळ द्या. ऑटिस्टिक व्यक्तीला अशा प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन मिनिटं लागू शकतात, तसे दोन दिवसही लागू शकतात.

अति काळजीचाही उपयोग होत नाही. प्रत्येक आवाजासरशी पाणी पुढे करणं, पाठीवरून हात फिरवणं, हातातलं काम काढून घेणं, यानेही टिक्सना नकळत खतपाणी मिळतं असं उपचारांच्या अनुभवातून दिसून आलं आहे. मग विश्रांती द्यायचीच नाही का? द्यायची, आणि ऑटिस्टिक माणसाला ती जास्तच लागते. मात्र ती घड्याळाप्रमाणे किंवा त्याने मागितल्यावर द्या, टिक आली म्हणून नको. समजा, दर ४५ मिनिटांनी १० मिनिटं एकट्याने बसायचं असं ठरलं असेल, तर टिक्स आल्या काय आणि न आल्या काय, ती १० मिनिटं त्याचीच.

दुसरी पायरी : टिक आहे, स्टिमिंग आहे की आणखी काही?

इथे घाई केली तर पुढचे महिने चुकीच्या वाटेवर जातात, म्हणून हा भाग लांबवतो आहे.

स्टिमिंग म्हणजे स्वतःला बरं किंवा शांत वाटावं म्हणून पुन्हा पुन्हा केलेला आवाज किंवा हालचाल. ते सहसा फार लहानपणापासून असतं, बहुतेकदा तीन वर्षांच्या आतच दिसू लागतं. त्याला लय असते. गुणगुणणं, एकच सूर धरणं बराच वेळ चालू शकतं. आनंदात होतं, कंटाळ्यात होतं, आणि त्या माणसाला ते हवंसं वाटतं. टिक अचानक येते, थोडक्यात आटोपते, तिला लय नसते. ती रूपही बदलते: या महिन्यात खाकरणं, पुढच्या महिन्यात चकचक आवाज. विचारायचा प्रश्न असा: “हा आवाज काढायला छान वाटतं, की काढला नाही तर त्रास होतो?” छान वाटत असेल तर ते बहुधा स्टिमिंग आहे, आणि त्यावर उपचार करायचं काही कारण नाही. काढला नाही तर जीव घुसमटतो असं उत्तर आलं, तर टिकची शक्यता जास्त. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, तेव्हा प्रत्येक आवाजाबद्दल वेगळं विचारा.

ऐकलेली वाक्यं पुन्हा म्हणणं, म्हणजे एकोलेलिया, हा अनेक ऑटिस्टिक लोकांच्या बोलण्याचाच भाग असतो. एखादा शब्द ‘बरोबर वाटेपर्यंत’ म्हणावा लागत असेल, किंवा ‘नाही म्हटला तर काहीतरी वाईट होईल’ अशी भीती त्यामागे असेल, तर ओसीडीचा, म्हणजे नको असलेले विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा, विचार करावा लागतो.

टिक्स साधारणपणे ४ ते ६ या वयात सुरू होतात, १० ते १२ च्या सुमारास सर्वांत तीव्र असतात आणि पुढे बहुतेकांच्या कमी होतात. त्यामुळे विसाव्या वर्षी ‘नव्यानेच’ आलेली टिक बरेचदा जुनीच असते. लहानपणचं डोळे मिचकावणं ‘चष्मा लागला असेल’ म्हणून गेलेलं असतं, नाक ओढणं ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून, मान झटकणं ‘ऑटिझममुळे’ म्हणून. जुने व्हिडिओ काढून बघा, शाळेतल्या शिक्षकांना, आजी-आजोबांना विचारा. ही माहिती निदानासाठी फार मोलाची असते. फ्रेंच डॉक्टर जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ साली वर्णन केलेल्या टुरेट सिंड्रोमच्या निदानासाठी शरीराच्या हालचालींच्या एकाहून अधिक टिक्स आणि आवाजाची किमान एक टिक लागते, त्या सुरू होऊन वर्षाहून जास्त काळ झालेला असावा लागतो आणि सुरुवात १८ वर्षांच्या आतली असावी लागते.

काही तरुणांमध्ये मात्र चित्र अगदी निराळं असतं. काल काही नव्हतं आणि आज लांबलचक शब्द, वाक्यं, मोठ्या हालचाली, सगळं एकदम. याला फंक्शनल टिक्स म्हणतात. २०२० नंतर कोविडच्या काळात अनेक देशांतल्या डॉक्टरांकडे असे रुग्ण अचानक वाढले; त्यांत किशोरवयीन आणि तरुण मुली जास्त होत्या. हे नाटक नसतं. मेंदूवरचा ताण शरीरातून बाहेर पडण्याची ती खरीखुरी तऱ्हा आहे, पण उपचार वेगळे असतात: ताणाचं मूळ शोधणं, मानसोपचार, नेहमीचा दिनक्रम हळूहळू परत आणणं. टिकसाठीची औषधं इथे सहसा उपयोगी पडत नाहीत.

न बोलणाऱ्या किंवा मोजकंच बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिली शंका दुखण्याची घ्या. दाढ, कान, बद्धकोष्ठता, अ‍ॅसिडिटी, मुलींमध्ये पाळीच्या वेदना. जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावरच घसा खाकरला जात असेल तर अ‍ॅसिड वर येत असण्याची शक्यता आहे. हे तपासल्याशिवाय ‘टिक’ असा शिक्का मारू नका.

तिसरी पायरी : नोंद ठेवा, पण पाळत नको

दोन आठवड्यांची छोटी वही पुरते. वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, कोण होतं, आवाज कोणता, झोप किती झाली. दिवसात किती वेळा हे मोजत बसू नका. सतत मोजलं जातंय हे जाणवलं की टिक्स वाढतात. फोनवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घ्या, त्याला विचारून. ‘डॉक्टरांकडे गेल्यावर टिक येईलच असं नाही, म्हणून दाखवायला लागतील’ हे कारण सांगितलं तर बहुतेक जण तयार होतात. नाही म्हणाला तर नाही. सज्ञान माणसाचा तो व्हिडिओ आहे.

टिक्स कधी कमी होतात हेही लिहा. वाद्य वाजवताना, गाताना, आवडीच्या कामात डोकं घातलेलं असताना त्या बऱ्याच लोकांमध्ये थंडावतात. पुढे दिवसाची आखणी करताना ही माहिती कामी येते.

चौथी पायरी : डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन जायचं

नुसतं खाकरणं, नाक ओढणं असेल आणि मुलगा एरवी ठीक असेल, तर काही आठवडे वाट बघायला हरकत नाही. पुढल्या गोष्टी दिसल्या तर थांबू नका.

आवाजाबरोबर भान हरपतंय, नजर एकटक होतेय, झोपेत तसंच होतंय किंवा नंतर गोंधळल्यासारखं होतंय: ही फिट असू शकते. ऑटिस्टिक लोकांमध्ये अपस्माराचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आहे आणि किशोरवयात फिट्स पहिल्यांदा सुरू होणंही नवं नाही.

आवाज वाढले आणि सोबत तो मंदावला आहे, हात उचलता उचलता गोठतो, दारात अडकतो, ढकलल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही, बोलणं-खाणं कमी झालंय: ही कॅटाटोनियाची, म्हणजे हालचाल आणि बोलणं गोठवून टाकणाऱ्या विकाराची, लक्षणं असू शकतात. ऑटिझमच्या अभ्यासक लोर्ना विंग आणि अमिता शाह यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्यांच्या केंद्रात तपासणीला आलेल्या १५ वर्षांवरील ऑटिस्टिक व्यक्तींपैकी १७ टक्क्यांत कॅटाटोनियाची लक्षणं आढळली होती. डॉक्टरांनी ती ओळखली तर लोराझेपामसारख्या औषधाने फरक पडतो; उलट काही अँटिसायकोटिक (गंभीर मानसिक आजारांवरच्या) औषधांनी कॅटाटोनिया बिघडू शकतो. म्हणून टिकसाठी असं औषध सुरू होण्याआधी हा मंदावलेपणा डॉक्टरांच्या कानावर घालाच.

ताप, गोंधळ, डोक्याला मार, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास, स्वतःला इजा, जगणं नकोसं झाल्याचं बोलणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जाताना चालू असलेल्या आणि गेल्या वर्षभरात बदललेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. काही औषधांनी टिक्स सुरू झाल्याची किंवा वाढल्याची उदाहरणं आहेत. अँटिसायकोटिक औषध दीर्घकाळ घेतल्यावर किंवा अचानक कमी केल्यावर नको असलेल्या हालचाली उद्भवू शकतात. पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. एडीएचडीच्या (लक्ष टिकत नाही आणि अतिचंचलता असते, अशा स्थितीच्या) औषधांमुळे टिक्स वाढतात अशी भीती फार पसरलेली आहे. २००२ सालच्या एका मोठ्या चाचणीत मात्र मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधामुळे टिक्स वाढण्याचं प्रमाण खोट्या गोळीपेक्षा जास्त दिसलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्याशी बोलावं, तुमच्याशी त्याच्याबद्दल नव्हे, हे बघा. प्रश्न आधी लिहून मागवता आले तर उत्तम. गर्दी नसलेली वेळ घ्या. खोलीत तुम्ही असावं की नाही, हे त्यालाच विचारा.

पाचवी पायरी : ताण कुठून येतोय?

टिक्स ताणाने होतात असं नाही, पण ताणाने वाढतात हे खरं. आणि १८ ते २२ या वयात ऑटिस्टिक तरुणाच्या पायाखालची बरीच जमीन एकदम हलते. शाळेचं वेळापत्रक संपतं, ओळखीची माणसं पांगतात, ‘आता मोठा झालास’ असं सगळे म्हणायला लागतात. झोप उलटीपालटी होते. कधी त्याने वर्षानुवर्षं ओढूनताणून निभावलेलं सगळं एकदम कोसळतं आणि आधी सहज जमणाऱ्या गोष्टीही जमेनाशा होतात. अशा वेळी टिकच्या मागे लागण्यापेक्षा आठवड्यातून दोन गोष्टी काढून टाका. एखादा क्लास, एखादा समारंभ. झोपेची वेळ ठरलेली ठेवा. तीव्र दिवे, गोंगाट, टोचणारे कपडे यांचा पुन्हा आढावा घ्या. लहानपणी केलेली सोय मोठेपणी कधी सुटून गेली, हे कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

सहावी पायरी : घरातल्या बाकीच्यांचे कान

हा प्रश्न खरा आहे आणि तो लाजून झाकू नये. भावंडाची परीक्षा असते, आजोबांना झोप लागत नाही, आणि घरात आणखी कुणी ऑटिस्टिक असेल तर तोच आवाज त्याच्या कानात सुईसारखा टोचतो. कधी कधी त्या मुलालाच स्वतःच्या टिकचा आवाज सहन होत नाही.

त्रास होणाऱ्याने उठून जावं, ज्याला टिक आहे त्याला उठवू नये. हा घरचा नियमच करा. जाताना सुस्कारा नको, दार आपटणं नको. “मी आतल्या खोलीत वाचतो” एवढंच. आवाज अडवणारे हेडफोन घरात दोन जोड असू द्या. पंखा किंवा हलकं संगीत चालू ठेवलं तर प्रत्येक आवाज उठून दिसत नाही. भावंडांना राग येणारच, तो त्यांनी तुमच्याकडे एकट्याने बोलून मोकळा करावा यासाठी वेळ राखून ठेवा.

सातवी पायरी : उपचार घ्यायचे का आणि कोणते?

टिकमुळे त्याचं दुखत नसेल, काम अडत नसेल, त्याला फरक पडत नसेल, तर उपचार न करणं हाही योग्य निर्णय आहे. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अशा वेळी नुसतं लक्ष ठेवणं मान्य केलेलं आहे. उपचार हवे असतील तर पहिली पसंती वर्तन-उपचारांना, त्यातही ‘सीबीआयटी’ या खास टिक्ससाठीच्या वर्तन-उपचार पद्धतीला दिली आहे. तिचा गाभा म्हणजे मानसशास्त्रज्ञ नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ साली मांडलेलं सवय उलटवण्याचं तंत्र. २०१२ साली १६ ते ६९ वयाच्या १२२ जणांवर झालेल्या चाचणीत या उपचाराने सुमारे ३८ टक्के लोकांना चांगला फरक पडला. नुसती माहिती आणि आधार मिळालेल्या गटात ते प्रमाण ६ टक्के होतं. म्हणजे उपयोग आहे, पण सगळ्यांना होतो असं नाही.

यात एका वेळी एकच टिक घेतात, त्याला स्वतःला सर्वांत नकोशी वाटणारी. आधी आतला दाब ओळखायला शिकायचं. दाब आला की त्या टिकच्या आड येणारी दुसरी कृती करायची. आवाजाच्या टिकसाठी बहुधा श्वास वापरतात: तोंड मिटून, नाकाने सावकाश श्वास आत, तसाच सावकाश बाहेर, पोट हलू द्यायचं, एक मिनिटभर किंवा दाब ओसरेपर्यंत. नाक ओढण्याची टिक असेल तर श्वासाची तऱ्हा थेरपिस्ट वेगळी ठरवतात.

ऑटिस्टिक तरुणासाठी यात बदल करावे लागतात आणि ते थेरपिस्टकडे मागून घ्या. ‘आत काय जाणवतं?’ हा प्रश्न अनेक ऑटिस्टिक लोकांना अवघड जातो, कारण भूक, तहान, ताण असे शरीराचे आतले संकेत त्यांना उशिरा किंवा धूसर कळतात. शरीराचं रेखाचित्र द्या, त्यावर खूण करू द्या. शून्य ते पाच अशी पट्टी द्या. दाब ओळखताच येत नसेल तर टिकच्या आधी खांदे वर जातात का, जबडा आवळला जातो का, असं बाहेरून दिसणारं चिन्ह आरशात शोधता येतं. सत्रं छोटी असावीत, सूचना लेखी असाव्यात, ‘थोडा सराव कर’ऐवजी ‘रोज जेवणानंतर १० मिनिटं’ असं नेमकं सांगितलेलं असावं. घरी सराव करताना तुम्ही आठवण करायची की नाही, आणि कोणत्या शब्दांत, हे त्याच्याशी ठरवून घ्या. सराव शिक्षेसारखा वाटू लागला तर थांबवा. आणि कोणी थेरपिस्ट या नावाखाली त्याचं स्टिमिंगही बंद करू पाहत असेल, तर दुसरा थेरपिस्ट शोधा.

औषधांचा विचार टिक्स खूप तीव्र असतील किंवा वर्तन-उपचार जमत नसतील तेव्हा करतात. क्लोनिडिन, ग्वानफासिन यांनी झोप येते, रक्तदाब उतरतो. क्लोनिडिन अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळतो. अ‍ॅरिपिप्राझोलसारख्या अँटिसायकोटिक औषधांनी टिक्स कमी होऊ शकतात, पण वजन, सुस्ती, आतली बेचैनी यांवर नजर ठेवावी लागते. ऑटिस्टिक माणसाला ही बेचैनी शब्दांत सांगता येईलच असं नाही. येरझाऱ्या वाढल्या, एका जागी बसवेना, तर डॉक्टरांना कळवा.

आठवी पायरी : बाहेर वावरताना

कुणाला सांगायचं, किती सांगायचं, हे तोच ठरवेल. सांगायचं ठरलं तर एक-दोन वाक्यं तयार असावीत, कारण ऐन वेळी बोलणं बंद होऊ शकतं. “मला टिक्स आहेत. आवाज आपोआप येतो. लक्ष दिलं नाहीत तरी चालेल.” हेच खिशातल्या कार्डावर किंवा फोनच्या पडद्यावर ठेवता येतं. परीक्षेसाठी वेगळी खोली, वर्गात दाराजवळची जागा, ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक बंद ठेवायची मुभा, ही मागणी लेखी करा आणि सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. सिनेमा, वाचनालय, शांत सभागृह टाळायचं की नाही हे भीतीवरून ठरवू नका. कडेची जागा घ्या, मधे बाहेर पडायची वाट बघून ठेवा आणि जा.

तोंडातून शिवी किंवा अपमानकारक शब्द निघणं टुरेट असलेल्यांतही सुमारे १० ते १५ टक्क्यांतच दिसतं. पण निघत असेल तर सोबतच्या माणसाने शांतपणे खुलासा करायला तयार राहावं. त्याच्यावर रागवायचं नाही, हसायचंही नाही. शब्द चुकून जिव्हारी लागणारा असेल तर आधीच दोघांत ठरलेलं असू द्या की तो मनातला नाही.

सतत ओरडण्याने आवाज बसतो, घसा सोलवटतो. पाणी हाताशी ठेवा. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

नंतरचे महिने

टिक्स चढतात आणि उतरतात, उपचार असोत वा नसोत. चांगल्या आठवड्याचं श्रेय लगेच नव्या गोळीला देऊ नका आणि वाईट आठवड्याचा दोष मुलाला देऊ नका. दर तीन महिन्यांनी त्याच्यासोबत बसून एकच गोष्ट बघा: टिक्समुळे सुटलेल्या कोणत्या गोष्टी परत सुरू झाल्या? मित्राकडे जाणं, बसने प्रवास, जेवायला सगळ्यांसोबत बसणं. तो आवाजासकट बसने जात असेल, तर प्रगती आहे. जुनी टिक महिन्यांनी परतली तर नव्याने घाबरून तपासण्यांच्या मागे लागू नका; आधी पहिल्या वेळची वही काढा, झोप आणि बदल तपासा, श्वासाचा सराव पुन्हा सुरू करा आणि गरज वाटली तर थेरपिस्टकडे एक-दोन उजळणीची सत्रं मागा. आवाजासोबत नवीन काही दिसलं, मंदावणं, भान हरपणं, वेदना, तर मात्र चौथ्या पायरीवर परत या.